ज्याखंड, तात्कालिक गती आणि वप्रकफल : भास्कराचार्यांच्या गणिताची एक फेरतपासणी

बनारसच्या संस्कृत कॉलेजातील महाराष्ट्रीय अध्यापक बापूदेव शास्त्री यांनी इ. स. १८५८ मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात एक छोटे टिपण प्रसिद्ध केले. भास्कराचार्यांना कलनशास्त्राचे, विशेषतः विकलनाचे, तत्त्व अवगत होते हे त्याचे प्रतिपाद्य होते. दोनच वर्षांनी, १८६० मध्ये, विल्यम स्पॉटिस्वूड यांनी लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्याचा परामर्श घेतला. भास्कराचार्यांची रीत आणि आधुनिक रीत यांतील साम्य त्यांनी नाकारले नाही. परंतु काल व अंतर यांचे खंड अत्यल्प घेतले पाहिजेत, या कलनशास्त्राच्या मर्माचा निर्देश भास्कराचार्यांनी कोठेही केलेला नाही, आणि आपली रीत स्थूल आहे याचीही त्यांनी वाच्यता केलेली नाही, असे दोन आक्षेप त्यांनी नोंदविले. पुढे ब्रजेंद्रनाथ सील यांनी आपल्या १९१५ च्या ग्रंथात बापूदेवांचा पक्ष अधिक आवेशाने मांडला, आणि तेव्हापासून 'न्यूटनच्या आधी पाचशे वर्षे' हे वाक्य आपल्याकडे जवळजवळ सुभाषितासारखे वापरले जात आहे.

या वादात एक गोष्ट दुर्लक्षित राहिली. तात्कालिक गतीची रीत भास्कराचार्यांच्या ग्रंथात एकाकी उभी नाही. इष्ट अंशांची ज्या काढण्याची रीत, ग्रहाची क्षणिक गती काढण्याची रीत आणि गोलाचे पृष्ठफळ काढण्याची रीत, या तिन्ही एकाच कोष्टकातून निघालेल्या आहेत. आजच्या भाषेत बोलावयाचे तर पहिली अंतर्वेशनाची, दुसरी सांख्यिक विकलनाची व तिसरी सांख्यिक संकलनाची रीत होय. तिन्ही एकत्र ठेवून तपासल्यास भास्कराचार्यांचे श्रेय कमी होत नाही. मात्र ते श्रेय सांत अंतरांच्या गणिताचे आहे, सीमेच्या कल्पनेवर उभारलेल्या कलनशास्त्राचे नव्हे, हे मान्य करावे लागते.

या कोष्टकाचे मूळ आर्यभटीयात (इ. स. ४९९) आहे. वर्तुळपादाचे २४ समान भाग करून प्रत्येक भाग २२५ कलांचा घेतला आणि त्रिज्या ३४३८ कला मानली, म्हणजे २४ ज्या मिळतात. ज्या म्हणजे आजच्या साइनला त्रिज्येने गुणून येणारी राशी. आर्यभटाने ज्या दिल्याच नाहीत. त्याने ज्यांची अंतरे दिली : २२५, २२४, २२२, २१९, २१५, २१० अशी उतरत जाणारी आणि शेवटी ५१, ३७, २२, ७ येथे संपणारी. ही अंतरे म्हणजेच ज्याखंड होत, आणि सर्वांची बेरीज बरोबर ३४३८ येते. या खंडांची पुन्हा अंतरे घेतली तर ती त्या त्या ठिकाणच्या ज्येच्या प्रमाणात असतात, हे आर्यभटाच्या ज्यानयनाच्या नियमाचे सार आहे. ज्येचे द्वितीय अंतर ज्येच्याच प्रमाणात बदलते, हा धर्म पाचव्या शतकाच्या अखेरीस हाती आला होता. पुढील हजार वर्षांच्या सगळ्या सुधारणा याच एका धर्माच्या आश्रयाने झालेल्या आहेत.

कोष्टकातील दोन ज्यांच्या मधली ज्या त्रैराशिकाने काढण्याची वहिवाट होती. या त्रैराशिकाची दुरुस्ती ब्रह्मगुप्ताने खंडखाद्यकाच्या उत्तरभागात (इ. स. ६६५) दिली. तेथे त्रिज्या १५० असून खंड १५ अंशांचे, म्हणजे ९०० कलांचे आहेत : ३९, ३६, ३१, २४, १५, ५. जो खंड ओलांडून झाला तो गतखंड, ज्यात इष्ट बिंदू पडतो तो भोग्यखंड. ब्रह्मगुप्त सांगतो तो विधी असा : गत व भोग्य खंडांच्या अंतराच्या निम्म्यास शेष कलांनी गुणून ९०० ने भागावे. आलेले फळ दोन्ही खंडांच्या योगार्धात, ते योगार्ध भोग्यखंडाहून कमी असेल तर मिळवावे, अधिक असेल तर वजा करावे. म्हणजे स्पष्ट भोग्यखंड मिळतो, आणि मग त्रैराशिक त्या स्पष्ट खंडाने करावयाचे.

५७ अंशांची ज्या काढून पाहू. ४५ अंशांपर्यंत तीन खंड संपले, त्यांची बेरीज १०६. शेष १२ अंश म्हणजे ७२० कला. गतखंड ३१, भोग्यखंड २४. साध्या त्रैराशिकाने २४ चे चार पंचमांश १९·२, म्हणून ज्या १२५·२ येते. ब्रह्मगुप्ताच्या रीतीने योगार्ध २७·५, अंतरार्ध ३·५, त्याचे चार पंचमांश २·८, म्हणून स्पष्ट भोग्यखंड २४·७. त्याचे चार पंचमांश १९·७६, आणि ज्या १२५·७६. खरे मूल्य १२५·८० आहे. सहाच खंडांच्या कोष्टकातून, पाटीवर दोन ओळींत करता येईल अशा हिशेबाने, चूक ०·६० वरून ०·०४ वर आली. आज हेच सूत्र द्वितीय अंतरापर्यंत घेतलेले न्यूटन-स्टर्लिंग सूत्र म्हणून शिकविले जाते. स्टर्लिंगचा ग्रंथ इ. स. १७३० चा आहे. शीघ्रफलाच्या कोष्टकात खंडांची अंतरे विषम असतात, तेव्हा गतखंड आधी भोग्यखंडाच्या अंतरास अनुरूप करून घ्यावा, अशी विषम अंतरांची रीतही ब्रह्मगुप्ताने जोडली आहे.

द्वितीय अंतरांचा उपयोग जगात सर्वप्रथम ब्रह्मगुप्ताने केला असे मात्र म्हणता येत नाही. चीनमध्ये ल्यू च्वो याने सुमारे इ. स. ६०० मध्ये रचलेल्या पंचांगपद्धतीत सूर्याच्या विषम गतीसाठी समान अंतरांचे द्वितीय क्रमाचे अंतर्वेशन आहे, आणि तेथील यी शिंग याने आठव्या शतकाच्या पूर्वार्धात विषम अंतरांसाठीही रीत दिली. दोन्ही देशांत गरज एकच होती : आकाशातील गती एकसारखी नाही, आणि कोष्टके मात्र लहानच ठेवावयाची आहेत.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ चा. सिद्धांतशिरोमणी त्यांनी शके १०७२ मध्ये, म्हणजे इ. स. ११५० मध्ये पूर्ण केला. आपले वसतिस्थान त्यांनी सह्य पर्वताच्या आश्रयाचे विज्जडविड असे सांगितले आहे. त्यांचा नातू चांगदेव याने यादव राजा सिंघण याच्या काळी चाळीसगावजवळील पाटण येथे आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिला. त्यासंबंधीचा इ. स. १२०७ चा शिलालेख डॉ. भाऊ दाजी यांनी उजेडात आणला. गणिताच्या ग्रंथांचे पठन व्हावे म्हणून दान दिल्याचे असे उदाहरण आपल्या इतिहासात विरळाच.

सिद्धांतशिरोमणीच्या स्पष्टाधिकारात भास्कराचार्य १२० त्रिज्येचे आणि दहा दहा अंशांचे नऊ खंड देतात : २१, २०, १९, १७, १५, १२, ९, ५, २. भोग्यखंड स्पष्ट करण्याची त्यांची रीत ब्रह्मगुप्ताचीच आहे. खंड १० अंशांचा असल्यामुळे भाजक २० येतो, एवढाच फरक. नवे आहे ते वासनाभाष्यातील उपपत्तीत. दोन खंडांच्या सांध्यावर खंडाचे मान त्या दोहोंचे योगार्ध असणेच योग्य, भोग्यखंडाच्या अंती ते भोग्यखंडाएवढे, आणि मधल्या ठिकाणी अनुपाताने, अशी ही उपपत्ती आहे. ब्रह्मगुप्ताने विधी सांगितला, भास्कराचार्यांनी त्याचे कारण दिले.

सांध्यावरचे योगार्ध ही गोष्ट बारकाईने पाहण्यासारखी आहे. ३० अंशांच्या सांध्यावर गतखंड १९ व भोग्यखंड १७ आहे, त्यांचे योगार्ध १८. त्या बिंदूपाशी ज्येच्या वाढीचा खरा दर दहा अंशांस १८·१४ आहे. केवळ पुढचा खंड घेतला तर १७ आणि केवळ मागचा घेतला तर १९ येतो. दोन्ही बाजूंच्या अंतरांचे मध्यमान घेऊन बिंदूवरील दर काढण्याची ही रीत, केंद्रीय अंतरांनी विकलन करण्याची म्हणून आजच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात असते. तथापि येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. सांध्याच्या पुढे सरकल्यावर मिळणारा स्पष्ट भोग्यखंड हा त्या त्या बिंदूवरील दर नव्हे. तो सांध्यापासून इष्ट बिंदूपर्यंतचा सरासरी दर आहे. म्हणूनच खंडाच्या अंती तो भोग्यखंडाएवढा होतो, पुढच्या सांध्याच्या योगार्धाएवढा नव्हे. क्षणिक दर आणि सरासरी दर फक्त सांध्याच्या ठिकाणी एकमेकांस मिळतात. स्पष्ट भोग्यखंडालाच विकलनाचे फळ समजण्याची चूक भास्कराचार्यांच्या काही भक्तांनी केली आहे. स्वतः भास्कराचार्यांनी ती केलेली नाही, कारण क्षणिक गतीसाठी त्यांनी वेगळीच वाट धरली.

ती वाट अशी. ग्रहाची आजची व उद्याची स्पष्ट स्थिती यांचे अंतर म्हणजे त्याची त्या दिवसाची स्थूल गती. चंद्राची मध्यम दैनिक गती सुमारे ७९० कला असून ती क्षणोक्षणी बदलते, त्यामुळे तिथीचा अंत साधावयाचा तर दिवसाची सरासरी चालत नाही. त्या क्षणाचीच गती हवी. ती काढण्यासाठी भास्कराचार्य दोन त्रैराशिके मांडतात. कोटिज्या त्रिज्येएवढी असताना भोग्यखंड २२५ असतो, तर इष्ट कोटिज्येस किती? आणि २२५ कलांच्या चापास एवढे ज्यांतर, तर केंद्रगतीएवढ्या चापास किती? पहिल्यात २२५ गुणक आहे, दुसऱ्यात भाजक. दोन्ही छेदले जातात, आणि उरते ते कोटिज्या गुणिले केंद्रगती भागिले त्रिज्या. साइनचे विकलनफळ कोसाइन असते, हेच हे सूत्र.

हे सूत्र सर्वस्वी नवे नव्हते. मुंजालाच्या लघुमानसात (शके ८५४, इ. स. ९३२) गतिफलासाठी कोटिज्येचाच उपयोग आहे. परंतु उपपत्तीतील २२५ चा लोप हा या सबंध वादाचा कणा मानावा लागतो. कलनशास्त्रात खंडाचा आकार सूत्रातून नाहीसा होतो तो खंड शून्याकडे नेल्यामुळे. भास्कराचार्यांच्या सूत्रातून तो नाहीसा होतो तो गुणक आणि भाजक समान असल्यामुळे. फळ तेच मिळाले, पण पोहोचण्याचे कारण निराळे. कोटिज्येच्या प्रमाणात भोग्यखंड बदलतो, हे गृहीत धरताना जी स्थूलता आली ती दुसऱ्या त्रैराशिकाच्या स्थूलतेने जवळजवळ भरून निघाली. असे का झाले हे तेथे विचारलेले नाही. स्पॉटिस्वूड यांचा आक्षेप एवढ्यापुरता खरा आहे. मात्र केवळ योगायोगाने सूत्र हाती लागले असेही म्हणता येत नाही. मध्यम व स्पष्ट गती समान होते ती नेमकी फल परमावधीस पोहोचते तेथे, म्हणजे परमफलाच्या ठिकाणी गतिफल शून्य असते, हे भास्कराचार्यांनी स्पष्टपणे सांगितले आणि त्या स्थानाविषयी लल्लाने केलेले विधान चुकीचे ठरविले. महत्तम मानाच्या ठिकाणी दर नाहीसा होतो हा धर्म ज्याला दिसला, त्याला 'दर' ही कल्पना समजली होती, यात शंका नाही.

बापूदेवांच्या टिपणाचा मुख्य आधार तात्कालिक गती हाच होता. गोलाध्यायातील पृष्ठफळाचा भाग त्यांच्या पक्षाला खरे तर अधिक उपयोगी पडला असता. लल्लाच्या मते गोलाचे पृष्ठफळ म्हणजे वर्तुळाचे क्षेत्रफळ गुणिले परिधी. दोन लांबींचे गुणन जेथे हवे तेथे तिघींचे होते, एवढे पाहूनही हा नियम टिकत नाही हे कळते. भास्कराचार्यांनी त्याचे खंडन करून परिधी गुणिले व्यास हा नियम स्थापिला आणि भाष्यात त्याची प्रत्यक्ष मोजणी दिली.

एक गोल घ्यावा, ज्याचा परिधी ज्यांच्या संख्येच्या चौपट, म्हणजे ९६ हात आहे. आवळ्याच्या अंगावर देठापासून बुडापर्यंत रेषा असतात तशा रेषांनी त्याचे ९६ वप्रक पाडावेत. प्रत्येक वप्रक मध्यावर एक हात रुंद असून दोन्ही टोकांस निमुळता होत जातो. आता एक एक हाताच्या अंतराने आडव्या रेषा घेतल्या तर प्रत्येक ठिकाणची रुंदी त्या ठिकाणच्या ज्येस त्रिज्येने भागून मिळते. अर्ध्या वप्रकाचे २४ तुकडे झाले, टोकाचा त्रिकोणासारखा, बाकीचे समलंब चौकोनासारखे. त्यांची बेरीज करून ती दुप्पट केली की वप्रकाचे फळ येते, आणि भास्कराचार्य ते एका वाक्यात सांगतात : सर्व ज्यांच्या ऐक्यातून त्रिज्यार्ध वजा करून त्रिज्यार्धाने भागावे.

आर्यभटाच्या कोष्टकावरून २४ ज्यांची बेरीज ५४,२३३ येते. तीतून १,७१९ वजा केले की ५२,५१४ उरतात, आणि १,७१९ ने भागले की ३० पूर्णांक व सुमारे ३३ षष्ट्यंश मिळतात. ९६ परिधीच्या वर्तुळाचा व्यासही ३० पूर्णांक ३३ षष्ट्यंशच. म्हणून एका वप्रकाचे फळ व्यासाएवढे, असे ९६ वप्रक, म्हणून पृष्ठफळ परिधी गुणिले व्यास. शेवटच्या ज्येचे अर्धेच मान घ्यावयाचे, ही समलंब नियमाची खूण येथे चुकत नाही. आजच्या विद्यार्थ्याने हेच संकलन २४ भागांच्या समलंब नियमाने केले तर त्यास ३०·५४७ मिळेल, आणि अचूक मूल्य ३०·५५८ आहे. दोहोंतील फरक साठाव्या हिश्श्याहून लहान असल्यामुळे षष्ट्यंशांच्या कोष्टकात तो दिसतच नाही. भास्कराचार्यांचा निष्कर्ष बरोबर आहे, तो मोजून ठरलेला आहे. सिद्ध झालेला मात्र नाही. खंड ९६ ऐवजी ९६० केले तर फरक शंभरपटीने कमी होईल आणि कितीही लहान करता येईल, हा पुढचा प्रश्न त्यांनी उपस्थित केला नाही.

महाराष्ट्रात या परंपरेचे पुढे काय झाले ते पाहता, गणित व व्यवहार यांच्या वाटा वेगळ्या झालेल्या दिसतात. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञाने शके १४४२ मध्ये, म्हणजे इ. स. १५२० मध्ये ग्रहलाघव रचला. ज्या व चाप यांचा उपयोग न करता ग्रहगणित करून दाखविणे ही त्याची प्रतिज्ञा. ती त्याने अलौकिक चातुर्याने पार पाडली, आणि पंचांगकर्त्यांनी ग्रहलाघव डोक्यावर घेतला. परंतु शीघ्रफलासाठी त्याने १५ अंशांच्या अंतराने अंक दिले आणि मधल्या स्थानासाठी साधे त्रैराशिक पुरेसे मानले. मंगळाच्या शीघ्रांकांतील शेवटचे तीन ३६८, २४९ व ० असे आहेत, आणि ते अंशाच्या दशांशांत आहेत. १६५ व १८० अंशांच्या बरोबर मध्यावर त्रैराशिकाने १२·४५ अंश फळ येते. ज्या भूमितीने १६५ अंशांवर २४·९ अंश मिळतात, तीच भूमिती या ठिकाणी सुमारे १३·८ अंश देते. चूक एक अंशाहून अधिक. त्याच तीन अंकांवर ब्रह्मगुप्ताची दुरुस्ती लावली तर सुमारे १४·१ अंश येतात. साडेआठशे वर्षे आधीची रीत हाताशी असता ती का लावली नाही, याचे उत्तर गणितात नसून पंचांग करणाऱ्याच्या वेळेत आहे. गणेशास ती ठाऊक नव्हती असे मानणे अशक्य, कारण लीलावतीवरील त्याची बुद्धिविलासिनी टीका भास्कराचार्यांच्या गणिताचे मर्म जाणणाऱ्याची आहे.

भास्कराचार्यांनी न विचारलेला प्रश्न केरळात विचारला गेला. संगमग्रामच्या माधवाची (सुमारे इ. स. १३४०–१४२५) इष्ट ज्या काढण्याची एक रीत नीलकंठाने जतन केली आहे. तीत कोष्टकातील अंतरांऐवजी त्या ठिकाणची कोटिज्या व ज्या हीच अनुक्रमे प्रथम व द्वितीय पदांत येतात. परमेश्वराने तृतीय पदही घेतले, फक्त त्याचा छेद सहाऐवजी चार धरला. आणि ज्येष्ठदेवाच्या मलयाळम् युक्तिभाषेत, सुमारे इ. स. १५३० मध्ये, गोलपृष्ठफळाची सिद्धता आली. तेथे गोलाचे आडवे पट्टे पाडले आहेत, आणि त्यांची रुंदी हवी तितकी सूक्ष्म घ्यावयाची आहे. बेरीज पुन्हा सर्व ज्यांचीच हवी. ती काढताना ज्येष्ठदेव आर्यभटाच्या धर्माकडे वळतो : प्रत्येक ज्या खंडांतराच्या प्रमाणात आहे, म्हणून ज्यांची बेरीज खंडांतरांच्या बेरजेच्या प्रमाणात, आणि खंडांतरांची बेरीज म्हणजे केवळ पहिला खंड वजा शेवटचा खंड. आर्यभटाच्याच कोष्टकावर हा ताळा घेता येतो. २२५ तून ७ वजा केले की २१८, त्यास त्रिज्येच्या व २२५ च्या वर्गांच्या गुणोत्तराने, म्हणजे सुमारे २३३·५ ने गुणले की ५०,९०३. पहिल्या २३ ज्यांची प्रत्यक्ष बेरीज ५०,७९५ आहे. पूर्ण कलांत दिलेल्या कोष्टकात एवढे अंतर राहणारच. पट्टे सूक्ष्म होत गेले की शेवटचा खंड नगण्य होतो, पहिला खंड चापाशी एकरूप होतो, आणि समता अचूक ठरते.

युक्तिभाषेसह केरळच्या चार ग्रंथांचा परिचय करून देणारा चार्ल्स व्हिश यांचा निबंध रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे इ. स. १८३२ मध्ये वाचला गेला होता. बापूदेवांचे टिपण त्यानंतर सव्वीस वर्षांनी निघाले.